हौसाक्काच्या तीन चुली

माझी नात शाळेच्या लायब्ररीतून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली. अमेरिकेत दीडशे वर्षांपूर्वी माणसं कापडाचं छत घातलेल्या गाडीत बायकामुलं, बियाणं, कोंबड्या भरून लांबच्या माळावर जात आणि तिथे गवतासकट मातीची ढेकळं कापून त्यांचं घर बांधत, असं त्यात आहे. मला इंग्रजी येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. नात वाचते आणि अडखळत मला मराठीत सांगते.

"आजी, त्यांना नेबर पण नव्हते. दहा माइल्स कोणीच नाही. सगळे ब्रदर्स मिळून शेत करायचे. एक गेला की बाकीच्यांना जमायचं नाही. किती ब्रेव्ह ना?"

मी म्हटलं, "पोटाला लागतं तेव्हा माणूस जातो. त्यात काय ब्रेव्ह?"

"तू असं कोणी बघितलंस का?"

"बघितलंय. इथेच. सीबपासून गाडीने तासाभरावर."

तिला ते खरं वाटलं नाही. तिला ओमान म्हणजे मॉल, शाळा आणि आमचा फ्लॅट एवढंच माहीत. म्हणून हौसाक्काबद्दल लिहून ठेवते. कधी मराठी नीट वाचता आलं तर वाचेल.

हौसाक्का माण तालुक्यातली. तिकडे पाऊस नाही, झाड नाही, माणसं मात्र चिवट. तिचं लग्न झालं तेव्हा सासू नुकतीच वारली होती आणि घरात दोन लहान दीर होते. मारुती चार वर्षांचा, आणि शंकर अजून नीट चालतही नव्हता. सोळा वर्षांच्या मुलीने अंगावरची हळद उतरायच्या आधी शंकरला कडेवर घेतला. तिला स्वतःला मूल झालं नाही. हे तिने मला पहिल्या भेटीतच सांगून टाकलं. "मला प्वार न्हाई. ह्ये दोन हायत. आता फुडं इचारू नको," म्हणाली. मी विचारणारही नव्हते.

तिचा नवरा, त्याला सगळे तात्या म्हणत, इथे एका अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, शेतावर पंप चालवायला आला. अर्बाबचं नाव खलफान. जमीन मोठी, समुद्रापासून फार लांब नाही. काही खजूर होते, बाकी नुसते दगडगोटे. तात्याने आधी मारुतीला आणला, मग शंकरला. तिघे भाऊ दगड वेचत होते आणि डब्यातलं खात होते. तात्या अर्बाबला म्हणाला, "माझी बायको आली तर ही जमीन पिकेल, नाही तर नाही." अर्बाबने तिचा घरकामाचा व्हिसा काढला. तिने अर्बाबच्या घरात एक दिवसही काम केलं नाही. ती सरळ शेतावर गेली.

आमचे हे तेव्हा भाजीची पिकअप चालवत. शेताशेतांवरून माल उचलून सीबच्या बाजारात टाकायचा. एक दिवस मला म्हणाले, "तिकडे एक आपली बाई आहे. आठ महिने झाले, बाईमाणूस दिसलं नाही तिला. शुक्रवारी चल."

मी गेले. ती काकडीच्या वाफ्यात उभी होती. नऊवारीवर तात्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, पायात भावांपैकी कोणाचे तरी बूट. मला वाटलं, आता रडेल, गळ्यात पडेल. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "भाकरी येती का तुला?"

"तांदळाची येते."

"ती काय भाकरी म्हनायची? कुठली तू?"

"वेंगुर्ल्याची."

"म्हंजे मासं खानारी. ये, बस."

त्यानंतर मी तिची कोकणीण झाले. माझं नाव तिने कधी घेतलं नाही.

तिने गावाहून बियाणं आणलं होतं. पदराच्या, परकराच्या, उशीच्या शिवणीत पुरचुंड्या बांधून: बाजरी, मटकी, हुलगा, घेवडा, शेपू. कोणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस, मी म्हटलं. "म्हनली असती, खायाला आनलंय," ती म्हणाली. पहिल्या वर्षी बाजरी उभी राहिली, ती पाखरांनी खाल्ली. दुसऱ्या वर्षी तिने राखली. पहाटेपासून पत्र्याचा डबा बडवत ती त्या एवढ्याशा तुकड्याभोवती फिरायची. अर्बाबच्या शेतावर अर्बाबला न विकता येणारं पीक, पण तो काही बोलला नाही.

शेताच्या तुकड्यांना तिने घरच्या वावरांची नावं दिली होती. थोरलं वावर, आंब्याचं वावर, ओढ्याचं वावर. तिथे आंबाही नव्हता आणि ओढाही नव्हता. पण "मारुत्या, आंब्याच्यात पानी सोड," अशी हाक गेली की मारुती बरोबर जायचा. अर्बाबसुद्धा ते शिकला. तो येऊन तात्याला विचारायचा, "आज आंबा में क्या है?" आंब्यात भेंडी असायची.

अर्बाब म्हातारा, सडपातळ, बोलायची हौस फार. संध्याकाळी ह्यांच्या खजुराच्या झापांनी शाकारलेल्या खोलीसमोर चटईवर बसायचा आणि वडिलांच्या गोष्टी सांगायचा. अर्ध्या अरबीत, अर्ध्या हिंदीत. हौसाक्काला हिंदी येत नव्हतं. अरबी तिला गाईकडून आलं. शेतावरची गाय तिथलीच, तिला मराठी कळायचं नाही. तेव्हा हौसाक्का दोन शब्द शिकली. पुढे चालवायला यल्ला, थांबवायला खलास. तेच दोन शब्द तिने माणसांनाही वापरले. अर्बाब फार बोलायला लागला की ती भाकरी थापता थापता हात वर करून म्हणायची, "खलास." आपल्या मालकाला असं कोणी म्हणतं का? मारुती शरमेने खाली बघायचा. अर्बाब मात्र डोळ्यात पाणी येईपर्यंत हसायचा आणि खरंच गप्प व्हायचा. मग तिच्या हातची बाजरीची भाकरी दुधात कुस्करून खायचा.

ती प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. आमचे हे गाडीच्या अपघातात पाय मोडून दवाखान्यात पडले तेव्हा ती दुसऱ्या एका पिकअपमध्ये भाजीच्या पेट्यांवर बसून माझ्या घरी आली. आठ दिवस राहिली. आठही दिवस तिने माझ्या घराला नावं ठेवली. खिडकी चुकीच्या बाजूला आहे, डबे घासलेले नाहीत, पोराला लाडावून ठेवलाय. पण त्या आठ दिवसांत मला घरात एक भांडं घासावं लागलं नाही. जाताना म्हणाली, "आता तुझं तू बघ. माजी तिघं उपाशी असत्याल." तिघं म्हणजे नवरा आणि दोन दीर. तिघांना ती एकाच मापाने मोजायची.

तिचा सगळा जीव एका गोष्टीत होता. तिघे भाऊ एका चुलीवर जेवले पाहिजेत. गावात तिने घरं फुटलेली पाहिली होती, तिच्या माहेरचंही फुटलं होतं. तिघं एकत्र बसल्याशिवाय ती कोणाला वाढायची नाही. शंकरला पंप दुरुस्त करायला दुसऱ्या शेतावर उशीर झाला तर बाकीचे दोघे ताटावर हात बांधून बसत. मोठे बाप्ये, चांगल्या मिशा राखलेले, आणि लहान मुलांसारखे बसलेले.

दिरांची लग्नंही तिने त्याच हिशेबाने केली. दोन सख्ख्या बहिणी शोधल्या, रत्ना आणि मंदा. दिरांना घेऊन गावी गेली आणि एका मांडवात दोन्ही लग्नं उरकली. मी विचारलं, दोघी एकाच घरच्या कशाला? ती म्हणाली, "दोन घरच्या दोगी आनल्या की वर्सात चूल फुटती. भनी-भनी असल्या की भांडत्याल, पर फुटायच्या न्हाईत."

हे सगळं ठीक. पण रत्ना आणि मंदा गावात आणि भाऊ इथे. शेतमजुराला बायको आणता येत नाही. हौसाक्का आली ती अर्बाबच्या मेहेरबानीने. अशी मेहेरबानी तीनदा होत नाही. एक भाऊ सुट्टीवर गेला की दुसऱ्याने शेत राखायचं, म्हणजे दोन वर्षांतून दोन महिने. पुढे शंकरला मुलगी झाली तीही त्याने फोटोतच पाहिली. हौसाक्का म्हणायची, "थांबा वाईच. शेत वाढलं की अर्बाबला सांगून दोगींनाबी आनू. मग सगळी हितंच." तिला ते खरंच होईल असं वाटत होतं. शेतही वाढत होतं. दगडांच्या जागी लसूणघास, टोमॅटो, मिरची, लिंबं. रस्त्याने जाणारे लोक गाडी थांबवून बघत.

मग पाणी बिघडायला लागलं. आधी काकडीच्या पानांच्या कडा जळाल्या. मग लिंबाची पानं गळाली. विहिरीच्या पाण्याला थोडी मचूळ चव आली. आजूबाजूच्या शेतांवर नवे पंप लागले होते, सगळेच रात्रंदिवस उपसत होते, त्यामुळे पातळीही खाली गेली होती.

हौसाक्काने लगेच सांगितलं, विहीर खोल करा. माणमध्ये तेच करतात. पाणी आटलं, मचूळ झालं, की आणखी खाली जायचं. तिच्या सासऱ्याने दोन परस खाली जाऊन खडक फोडला होता आणि गोडं पाणी लागलं होतं. दोन परस म्हणजे दोन पुरुष खोल. ती गोष्ट तिच्या घरात देवाच्या गोष्टीसारखी सांगत. अर्बाबचं मन नव्हतं. त्याच्या बापाची विहीर उथळ होती, बैलाने पाणी ओढायचे. पण त्याचा हिच्यावर विश्वास होता. दगडांवर हिने भाजी उगवली होती. त्याने कचेरीत चार खेटे घालून परवानगीचा कागद आणला.

मी समुद्राकाठची आहे. आमच्याकडे माडाच्या वाडीत विहीर उथळ ठेवतात. गोडं पाणी वर असतं, खाली खारं. खाली गेलं की समुद्र वर येतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अक्का, खोल जाऊ नका. समुद्र जवळ आहे."

ती म्हणाली, "कोकनीण, तू मासं इच्यार. हिरीतलं तुला काय कळतंय?"

सगळे हसले. तात्याही हसला. मी पुन्हा बोलले नाही. पुन्हा बोलायला हवं होतं की काय, ते मला आजही सांगता येत नाही. तिने ऐकलं नसतं.

भर उन्हाळ्यात तिघा भावांनी खणलं. पहाटे उतरायचे, ऊन तापायच्या आत वर यायचे. हौसाक्का काठावर उभी राहून दोराने माती ओढायची. तिसऱ्या आठवड्यात पाणी लागलं, भरपूर. त्या शुक्रवारी मी होते. तिने नारळ फोडला, मला खोबरं दिलं आणि म्हणाली, "बग, मासं खानारे." पाणी गोड होतं. मलाही वाटलं, मी चुकले.

तो हिवाळा चांगला गेला. टोमॅटो इतके झाले की आमच्या ह्यांना दिवसातून दोन खेपा कराव्या लागल्या. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडी जमिनीवर पांढरा पापुद्रा दिसायला लागला. आधी ओढ्याच्या वावरात, मग आंब्याच्या. रोपं लावली की चौथ्या दिवशी माना टाकायची. हौसाक्का हाताने तो पापुद्रा खरवडून पेट्यांत भरून बाहेर टाकायची आणि पुन्हा तेच पाणी सोडायची. दुसरं पाणी होतं कुठे?

दोन महिन्यांत शेत संपलं. खजूर तेवढे उभे राहिले, त्यांना खारं चालतं. अर्बाब आला, चटईवर बसला आणि त्या दिवशी फार बोलला नाही. तिला रागावला नाही. म्हणाला, "समंदर अल्लाचा आहे." मग तात्याला सांगितलं, खजुरांना एक माणूस पुरतो. बाकी दोघांना मी सोडतो, दुसरीकडे काम बघू दे, सोडल्याचा कागद देतो.

झालं. आता दोघांनी जायचं होतं, आणि कोणीच जाईना. मारुती म्हणायचा, मी वहिनीजवळ राहतो. शंकर म्हणायचा, मीच राहतो. तात्या नुसता विड्या ओढायचा. आणि हौसाक्का म्हणायची, "कुनी जात न्हाई. खाऱ्यात बी काय तरी उगवंल. मी बगते."

मला आमच्या ह्यांच्याकडून वेगळंच कळलं होतं. शंकर पंपाच्या कामात हुशार. मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या एका पाण्याच्या टँकरवाल्याने त्याला मेकॅनिक म्हणून बोलावलं होतं. फॅमिली स्टेटस देणार होता, म्हणजे बायको-मुलीला आणता येणार. त्या बोलावण्याला दीड महिना झाला होता. शंकर वहिनीच्या भीतीने बोलत नव्हता. टँकरवाला किती दिवस थांबणार? आमच्या ह्यांनी मला बजावलं, त्यांच्या घरातलं आहे, तू मधे पडू नकोस.

मी शुक्रवारी गेले आणि मधे पडले. ती पापुद्रा खरवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. टँकरवाला, फॅमिली स्टेटस, दीड महिना. शेवटी म्हटलं, "तुझ्यापायी त्याची मुलगी बापाशिवाय वाढेल."

ह्या वेळी तिने मला मासे खाणारी म्हटलं नाही. तिचा हात थांबला.

"किती म्हयन्यांची झाली पोरगी?"

"आठ."

"बसती का?"

"बसत असेल. मला काय माहीत?"

ती पुन्हा खरवडायला लागली. मी जेवून परत आले. तिने तो विषय काढला नाही.

पुढच्या शुक्रवारी सकाळी तिने निरोप पाठवून मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा अंगणात तीन चुली मांडलेल्या होत्या. तीन-तीन दगडांच्या, चार-चार पावलांवर. प्रत्येकीसमोर एक परात, एक तवा, एक उलथनं, बाजरीच्या पिठाची पुरचुंडी आणि वाळलेल्या झापांचा भारा. भाऊ रांगेने उभे होते, काय चाललंय ते न कळून.

हौसाक्का म्हणाली, "ही माजी न् तात्याची. ही मारुत्या तुजी. ती शंकर्‍या तुजी. आजपासनं येगळं."

मारुती खाली बसला आणि रडायला लागला. "वहिनी, आमचं काय चुकलं?"

"तुमचं न्हाई चुकलं. हीर म्या खोल करायला लावली. ही कोकनीण सांगत हुती, म्या हसले. माजं चुकलं." सगळ्यांसमोर, माझ्याकडे न बघता, ती हे बोलली. "तुमच्या बायकांनी काय पाप केलंय? जावा. बायका आना. आपल्या चुलीवर जेवा."

शंकर म्हणाला, "मी न्हाई जात."

"तुला कुनी इचारलं? पेटीव."

मग तिने त्यांना जाळ करायला लावला. पीठ मळायला लावलं. त्या बाप्यांनी जन्मात भाकरी थापली नव्हती. मारुतीची परातीतच फाटली. शंकरची एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने ओली. ती आपल्या चुलीपाशी बसून ओरडत होती, "हात वला कर! गोल फिरीव! जाळ कमी कर, घर पेटीवतूस का?" तिचं उठून त्यांच्या हातातलं पीठ घ्यावं असं होत होतं, ते तिच्या गुडघ्यांवरून दिसत होतं. दोनदा उठली आणि दोनदा खाली बसली. तेवढ्यात अर्बाब आला. त्याने तीन चुली पाहिल्या, तिघांची तोंडं पाहिली. तो जाऊन शंकरच्या चुलीपाशी बसला आणि ती करपलेली भाकरी त्याने पुरी खाल्ली.

आठवड्याच्या आत शंकर अमेरातला गेला. त्याच्या मागोमाग दोन महिन्यांनी मारुतीलाही तिथेच गोदामात काम मिळालं. वर्षाने शंकरची रत्ना आली, मग मारुतीची मंदा. हौसाक्का आणि तात्या खजूर राखत सहा वर्षं राहिले. त्या सहा वर्षांत ती दिरांकडे गेली तर पाहुण्यासारखी. न विचारता घरात पाऊल टाकायची नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच. जावा चिडायच्या. "अक्का, अशा काय परक्यागत करताय?" ती म्हणायची, "चूल येगळी केली की केली." मग तात्या थकला आणि दोघं गावी गेली. तिकडे तात्या वारला.

हौसाक्काही आता नाही. तीन वर्षांपूर्वी गावीच गेली. मला फोनवर कळलं. मी तिला शेवटची पाहिली ती त्याच्या आधी दोन-तीन वर्षं, अमेरातला. तात्या गेल्यावर दिरांनी तिला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं होतं.

दोन्ही भावांचे फ्लॅट एकाच बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, समोरासमोर. मी लिफ्टमधून बाहेर आले तर दोन्ही दारं सताड उघडी आणि मधल्या पॅसेजमध्ये एका प्लास्टिकच्या खुर्चीवर हौसाक्का. शेजारी तिची बॅग, कुलूप न काढलेली. विमानतळावरून येऊन तीन तास झाले होते.

शंकरच्या घरातून शंकर आणि मारुती यांचे आवाज येत होते. तिने कोणाकडे राहायचं यावरून. "मला तिनं कडंवर वाढवलं!" "मग मला काय पाटीत वाढवलं?" मुलांचं दोन दारांमधून वेगळंच चाललं होतं. शंकरची मुलगी, आठ महिन्यांची होती ती, आता माझ्याएवढी उंच झालेली, म्हणत होती, "शी इज स्टेइंग विथ अस, पप्पा ऑलरेडी सेड!" मारुतीचा मुलगा म्हणत होता, "नो वे!"

"काय म्हनत्यात गं ती?" हौसाक्काने मला विचारलं.

"तू कोणाकडे राहणार, तेच असेल."

"आसं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, कुठल्यातरी एका घरात जाऊन बस की. पाय लोंबकळतायत तुझे."

"त्यांनी ठरवू दे. म्या दोनदा ठरीवलं. एकदा चुकलं, एकदा बरं झालं. आता माज्याच्यानं न्हाई व्हायचं."

मी जरा वेळ उभी राहिले. खाली आमचे हे गाडीत वाट बघत होते. दुसरी खुर्ची कोणी आणली नाही, आणि मला घरात बोलवायलाही भांडणात कोणाला वेळ नव्हता. मी लिफ्टचं बटण दाबलं. दार मिटायला लागलं तेव्हा डाव्या दारातून रत्ना चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि त्याच वेळी उजव्या दारातून मंदा. दोघींनी कप पुढे केले. हौसाक्काने एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, आणि दोन्ही हात मांडीवर तसेच ठेवून ती बसून राहिली.